बाळंतपणाला जाताना खालचे केस काढायचे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पहिलं बाळंतपण, ३६वा आठवडा. आई सांगते, "आमच्या वेळी आत नेलं की आधी ब्लेड फिरवायचे, तू घरूनच करून जा." जाऊबाईंनी वॅक्सिंग करून घेतलं होतं. स्वतःला तर पोटामुळे खालचं काही दिसतच नाही. केस न काढता गेले तर इन्फेक्शन होईल का, टाके घालायला अडचण येईल का, सिझर करावं लागलं तर काय, आणि डॉक्टर-सिस्टरना किळस येईल का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचे प्रश्न बहुतेक वेळा त्याच्याच पोटातून आलेले असतात. किळस येत नाही. तीस वर्षं बाळंतपणं करते आहे. एखादीच्या खालच्या केसांबद्दल नंतर काही लक्षात राहिलंय, असं एकदाही झालेलं नाही. त्या वेळी आमची नजर बाळाच्या डोक्यावर असते, कान ठोक्यांवर असतो. पाणी गेलेलं असतं, रक्त असतं, जोर देताना थोडी शी झालेली असते, आणि ती आम्ही गप्पा मारता मारता पुसून टाकतो. या सगळ्यात केस कुणाच्या खिजगणतीत नसतात.

आता सरळ उत्तर. काढू नका. फार लांब झाले असतील, तुमचे तुम्हालाच नकोसे वाटत असतील, तर कात्रीने किंवा ट्रिमरने बारीक करा. ब्लेड मात्र आता बाळंतपण होईपर्यंत तिथे लावू नका. एवढंच हवं असेल तर पुढचं नाही वाचलं तरी चालेल. पण आईला पटवायचं असेल तर थोडं मागे जावं लागेल, कारण आई खोटं सांगत नाहीये. तिच्या वेळी तसंच होतं, आणि ते करणाऱ्यांत मीही होते.

मी शिकत असताना लेबर रूममध्ये आलेल्या प्रत्येकीचं 'प्रिपरेशन' व्हायचं. प्रिपरेशन म्हणजे शेव्हिंग आणि एनिमा. केसपेपरवर त्याची खूण नसली की सिस्टर आम्हाला झापायच्या. बाई कळांनी बेजार, एका कुशीवर वळलेली. तिला पाठीवर निजवायचं, साबणाचा फेस करायचा आणि ब्लेड लावायचं. कळ आली की ती आखडायची, आपण हात थांबवायचा. कळ ओसरली की परत सुरू. तोवर फेस वाळलेला. घाईत कापायचंच, आणि सूज आलेल्या त्या नाजूक कातडीवरचं छोटंसं कापलेलंही भळभळायचं. आधी तिला विचारावं, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर आमचं आम्हालाही सुचलं नाही.

हे सुरू झालं ते भीतीपोटी, आणि भीती खरी होती. एकोणिसाव्या शतकातल्या प्रसूतिगृहांत सूतिकाज्वराने, म्हणजे बाळंतपणानंतर इन्फेक्शनमुळे येणाऱ्या तापाने, बायका भराभर जात होत्या. व्हिएन्नात सेमेलवाइस या डॉक्टरांनी १८४७ मध्ये डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि मृत्यू घटले, तरी त्यांचं म्हणणं पचायला कित्येक वर्षं लागली. लुई पाश्चर यांनी १८७९ मध्ये या तापाशी निगडित जंतू, म्हणजे आपण आज ज्यांना स्ट्रेप्टोकोकस म्हणतो ते, फळ्यावर काढून दाखवले. एकदा जंतू दिसू लागल्यावर बाळंतपणाकडेही शस्त्रक्रियेच्या नजरेने बघायला सुरुवात झाली. शस्त्रक्रियेआधी केस काढतात, मग इथेही काढा. केसांत मळ, मळात जंतू, म्हणून केस गेले की जंतू गेले. साखळी अशी सुबक की शंका घ्यायला जागाच नाही. शिवाय हाताशी औषध नव्हतं. सल्फाची औषधं १९३५च्या सुमाराला आली, पेनिसिलिन त्यानंतर. तोवर जे जे सुचेल ते करून बघण्याला मी वेडेपणा म्हणणार नाही.

वेडेपणा पुढचा. ही साखळी खरी आहे का, हे १९२२ मध्येच तपासून झालं होतं. जॉन्स्टन आणि सिडॉल या दोघांनी ३८९ बायकांवर साधा प्रयोग केला. एकीआड एक अशी विभागणी केली. एकीचे केस नेहमीसारखे काढले, दुसरीचे नुसते कात्रीने कमी केले. नंतर ताप कुणाला जास्त आला? फरक नाही. १९६५ मध्ये १५० जणींवर तसाच प्रयोग झाला, २००५ मध्ये थायलंडमध्ये ५०० जणींवर. तिन्ही मिळून १,०३९ बायका. कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात हे तीनही प्रयोग एकत्र तपासले गेले आणि केस काढल्याने बाळंतिणीचा ताप कमी होतो याला पुरावा मिळाला नाही. १९६५च्या प्रयोगात तर एका विशिष्ट गटातले जंतू केस न काढलेल्या बायकांच्या अंगावर कमी सापडले. म्हणजे ज्यासाठी एवढा खटाटोप चालला होता, त्याच्या नेमकं उलट.

असं का व्हावं, हे शस्त्रक्रियांच्या अनुभवातून कळतं. ब्लेड केसाबरोबर कातडीचा वरचा थरही खरवडतं. डोळ्याला दिसत नाहीत इतके बारीक छेद पडतात आणि त्यांतून पाझरणाऱ्या द्रवावर जंतूंचं फावतं. १९७१ मध्ये सेरोपियन आणि रेनॉल्ड्स यांनी ऑपरेशन झालेल्या चारशेहून थोड्या अधिक रुग्णांचा अभ्यास मांडला. ब्लेडने केस काढलेल्यांत जखम पिकण्याचं प्रमाण ५.६ टक्के निघालं, तर क्रीमने काढलेल्यांत किंवा काढलेच नाहीत अशांत ०.६ टक्के. मला त्यातला वेळेचा हिशेब जास्त बोलका वाटतो. ऑपरेशनच्या तोंडावर ब्लेड फिरवलेल्यांत ३.१ टक्के, चोवीस तासांच्या आत फिरवलेल्यांत ७.१ टक्के, आणि त्याहून आधी फिरवलेल्यांत २० टक्क्यांच्या वर. जितका वेळ जास्त, तितकी त्या छेदांतल्या जंतूंची वाढ जास्त. म्हणून "घरून दोन दिवस आधीच करून जा" हा आईचा सल्ला, प्रेमाने दिलेला असला तरी, सगळ्यात वाईट वेळेचा आहे. हे आकडे बाळंतपणाचे नाहीत, ऑपरेशनचे आहेत, हे लक्षात ठेवा. पण कातडी तीच आणि ब्लेडही तेच.

मग १९२२ नंतरही प्रथा चालू का राहिली? यावर मी बराच विचार केलाय आणि माझं उत्तर असं आहे, की त्रास आम्हाला दिसतच नव्हता. खाज सुटते ती केसांचे खुंट वर येऊ लागल्यावर, तीन-चार दिवसांनी. तोवर बाई घरी गेलेली. टाके ओढताहेत, पॅड घासतोय, त्यात खुंट टोचताहेत, बसवत नाही, पाजायला धड बसता येत नाही, आणि हे ती सांगणार कुणाला? सहा आठवड्यांनी तपासायला यायची तेव्हा केस वाढलेले आणि खाज विसरलेली. ज्या त्रासाची तक्रार वॉर्डात पोचतच नाही, तो वॉर्डाच्या लेखी नसतोच. दुसरं कारण असं, की प्रिपरेशन झालं म्हणजे बाई आता 'आपल्या ताब्यात' आली, असा एक न बोललेला अर्थ त्यात होता. घरचे कपडे काढून घ्यायचे, दागिने काढायचे, केस काढायचे. मानववंशशास्त्रज्ञ रॉबी डेव्हिस-फ्लॉइड यांनी दवाखान्यातल्या बाळंतपणाच्या अशा नेमांना चक्क विधी म्हटलं आहे. वाचलं तेव्हा मला राग आला होता. आता येत नाही.

१९८० मध्ये ब्रिटनमधल्या मोना रॉमनी यांनी आपल्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच विचारलं, हा असमर्थनीय हल्ला तर नव्हे? १९८५ मध्ये ब्राझीलमधल्या फोर्तालेझा इथल्या बैठकीनंतर जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं, की बाळंतपणाआधी केस काढायला आणि एनिमा द्यायला काहीही कारण नाही. १९९६च्या मार्गदर्शिकेत हे दोन्ही 'उघड अपायकारक किंवा निरुपयोगी, म्हणून बंद करावे' अशा यादीत गेले. २०१८च्या शिफारशींतही तेच आहे: योनीमार्गे बाळंतपणाआधी सरसकट केस काढू नयेत. पहिला प्रयोग ते पहिली स्पष्ट सूचना, मधे ६३ वर्षं गेली. वैद्यकात एखादी गोष्ट सुरू व्हायला एक तर्क पुरतो, बंद व्हायला पिढी जावी लागते. काही ठिकाणी अजूनही सवयीने करतात, त्याबद्दल शेवटी बोलते.

इथवरची गोष्ट मी पूर्वी आनंदाने सांगत असे. विज्ञान जिंकलं, ब्लेड गेलं. पण मग हळूहळू वेगळंच दिसू लागलं. आम्ही करणं थांबवलं आणि बायका घरूनच करून येऊ लागल्या. आज ज्या बायका येतात, त्यांतल्या बऱ्याच जणी पूर्ण काढून आलेल्या असतात. ज्यांना जमलेलं नसतं, त्या तपासणीच्या टेबलावर चढायच्या आधी माफी मागतात. "सॉरी डॉक्टर, पोटामुळे करता आलं नाही." माझ्या सुरुवातीच्या वर्षांत केस आहेत म्हणून माफी मागणारी बाई मी पाहिली नव्हती. ब्लेड फिरवलं म्हणून रडणाऱ्या पाहिल्या होत्या.

अमेरिकेत ३,३१६ बायकांना याबद्दल विचारलं गेलं, त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. ८३.८ टक्के बायका तिथले केस कापतात किंवा काढतात. का, याचं सगळ्यात जास्त मिळालेलं उत्तर होतं स्वच्छता: ५९ टक्के. डॉक्टरकडे जायचंय म्हणून, हेही एक कारण होतंच. जी समजूत आम्ही शंभर वर्षं बायकांवर लादली आणि मग पुराव्याअभावी सोडून दिली, ती आता त्यांनी स्वतःहून उचलली आहे. पुढच्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या पाहणीत सात हजारांहून जास्त स्त्री-पुरुष होते. केस काढणाऱ्यांपैकी साधारण दर चौघांतल्या एकाला कधी ना कधी इजा झालेली होती, आणि त्यांत कापून झालेल्या जखमा सर्वांत जास्त.

आवड म्हणून काढायचे असतील तर माझं काही म्हणणं नाही. शरीर तुमचं आहे, दिसायला कसं हवं ते तुम्ही ठरवा. फक्त त्याला स्वच्छता म्हणू नका. केस असले म्हणून ती जागा घाण होत नाही, आणि नसले म्हणून जास्त शुद्ध होत नाही. उलट बाजूनेही अति करायचं नाही. केस ठेवले की इन्फेक्शनपासून कवच मिळतं वगैरे हल्ली वाचायला मिळतं, तसंही ठामपणे सांगता येणार नाही. घासण्यापासून कातडीला थोडा आधार मिळतो, इतकंच. आणि बाळाला केसांतून काही लागेल ही भीती सोडून द्या. बाळ ज्या वाटेने येतं, तिथे आतमध्ये आईचे स्वतःचे जंतू नेहमीच असतात. बाळाची त्यांच्याशी गाठ पडणारच.

आता तुमच्या ३६व्या आठवड्यापुरतं बोलू. या दिवसांत तिथला रक्तपुरवठा वाढलेला असतो, कातडी सुजरी असते, काहींच्या शिरा फुगलेल्या असतात. त्यामुळे छोटा काप जास्त वाहतो आणि वॅक्सिंग एरवीपेक्षा जास्त दुखतं. जाऊबाईंनी केलं आणि काही झालं नाही, हे चांगलंच. पण केस मुळापासून उपटले की मुळाशी पुळ्या येऊ शकतात, आणि त्या नेमक्या कळा सुरू व्हायच्या वेळी पिकल्या तर बसणंही मुश्कील. क्रीमचा प्रश्न वेगळा आहे. त्यातलं रसायन केस विरघळवतं ते कातडीवर, आतल्या ओल्या भागावर गेलं तर भाजतं, आणि दिसत नसताना ते कुठे जातंय हे कळणार कसं? लेझर बाळंतपणानंतर बघा. गरोदरपणात अंगावरचे केस तसेही दाट होतात, काही महिन्यांनी त्यांतले बरेच पूर्ववत होतात. आत्ता पैसे घालवण्यात अर्थ नाही.

ट्रिमर असेल तर त्यावर कंगव्यासारखी टोपी बसवा आणि कातडीपासून थोडं अंतर ठेवून फिरवा. कात्री असेल तर बोथट टोकाची. अर्धा-एक सेंटीमीटर राहू द्या, त्याहून बारीक केले तर तेच टोचतील. आरसा जमिनीवर ठेवून वाकायचा प्रयत्न करू नका, पडाल. नवऱ्याची मदत घ्यायला हरकत नाही, त्याचा हात स्थिर असेल तर. आणि यातलं काहीच केलं नाहीत तरी काही बिघडत नाही.

टाक्यांचं म्हणाल तर, फाटतं किंवा छेद द्यावा लागतो ते योनीमुखाच्या खालच्या बाजूला, गुदद्वाराच्या दिशेने. तिथे केस मुळातच विरळ असतात. दाट केस असतात ते वर, हाडावर, आणि तिथे आमचं काही काम नसतं. एखाद-दुसरा लांब केस दोऱ्यात येईलसा वाटला तर आम्ही तो तिथल्या तिथे कात्रीने कापतो, दहा सेकंदांचं काम.

सिझरची गोष्ट मात्र थोडी निराळी. आडवा छेद जघनास्थीच्या दोन बोटं वर, केसांच्या वरच्या कडेला येतो. तिथले केस काही वेळा खरोखर मधे येतात. पट्टी नीट चिकटत नाही, आणि आणखी एक कारण आहे जे सहसा कुणी सांगत नाही. कातडी निर्जंतुक करायला जे अल्कोहोलयुक्त औषध लावतात, ते उघड्या कातडीवर तीनेक मिनिटांत वाळतं, पण केसांत तासभरही ओलं राहू शकतं. त्यावर विजेचं उपकरण वापरलं तर पेट घेण्याचा धोका असतो. म्हणून लागतील तेवढेच केस काढतात, पण ते ऑपरेशनच्या आधी लगेच आणि क्लिपरने. क्लिपर म्हणजे कातडीला न टेकता केस कापणारं यंत्र. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६च्या शिफारशींत हे स्पष्ट आहे: केस एकतर काढूच नयेत, अगदी गरज पडली तर फक्त क्लिपरने, ब्लेड कधीच नाही. हे काम त्यांचं आहे, तुमचं नाही. ऑपरेशनची तारीख ठरलेली असली तरी आदल्या रात्री घरी काही करून येऊ नका. इन्फेक्शन टळतं ते छेद देण्याआधी दिलेल्या अँटिबायोटिकने आणि नीट तयार केलेल्या कातडीने.

साध्या बाळंतपणात इन्फेक्शन टाळायचं असेल तर लक्ष कुठे द्यायचं, तेही सांगते. तपासणाऱ्याचे हात धुतलेले, ग्लोव्ह्ज नवे. पाणी गेल्यानंतर आतून तपासणी गरजेपुरतीच. तुम्ही विचारू शकता, "आत्ता तपासायची गरज आहे का?" नंतर घरी कोमट पाण्याने पुढून मागे धुवायचं, टिपून कोरडं करायचं, पॅड भरायची वाट न बघता बदलायचा. ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप, घाण वास, टाक्यांचं दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय, यांतलं काहीही झालं तर सहा आठवड्यांच्या भेटीची वाट बघू नका.

हे वाचायच्या आधीच ब्लेड फिरवून झालं असेल तरी घाबरण्यासारखं काही नाही. आता पुन्हा फिरवू नका, एवढंच. सैल सुती कपडे घाला, सुगंधी साबण-पावडर टाळा. गळू आलं तर फोडू नका, दाखवा.

राहता राहिलं ते दवाखान्यातलं. शेवटच्या तपासणीला डॉक्टरांना विचारून ठेवा, "तुमच्याकडे शेव्हिंग करतात का? मला नको आहे." बहुतेक ठिकाणी "आम्ही करतच नाही" असं उत्तर येईल. करत असतील तर केसपेपरवर तसं लिहून घ्या, कारण रात्री अडीचला ड्यूटीवर असलेल्या सिस्टरला तुमचं डॉक्टरांशी काय बोलणं झालंय हे माहीत नसतं. तरीही त्या ब्लेड घेऊन आल्याच, तर भांडू नका. "सिस्टर, राहू द्या, गरज पडली तर कात्रीने कापा," एवढं म्हणा. कळा चालू असताना तुम्हाला बोलायला सुचणार नाही, तेव्हा हे वाक्य सोबत येणाऱ्या माणसाला आजच सांगून ठेवा. आईच येणार असेल तर आईला.